जुनं शॉपस्मिथ आणि पहिला पोळपाट

अमेरिकेतल्या मराठी घरात पोळपाट सहसा बॅगेतून आलेला असतो. आमचाही तसाच आला होता, साताऱ्याहून, साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून. ओहायोच्या दुसऱ्याच हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेनं त्याला मधोमध चीर गेली. नवा मागवायचा की इथेच करायचा, एवढ्या प्रश्नावरून मी सुतारकामात पडले. चार महिन्यांनी गॅरेजमध्ये दोनशे पौंड वजनाचं, माझ्याहून वयानं मोठं, हिरवं यंत्र येऊन उभं राहिलं. शॉपस्मिथ मार्क फाइव्ह. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता सुतारकी करणार तू?" हो म्हटलं.

ज्यांना असं यंत्र मिळालंय किंवा घ्यायचं मनात आहे, पण आजवर भिंतीत खिळाही सरळ गेलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शिकायला वस्तूही तीच घेऊ: पोळपाट आणि लाटणं. लहान आहेत, बिघडले तरी लाकूड फारसं वाया जात नाही, आणि यंत्राची जवळजवळ सगळी रूपं त्यात वापरून होतात.

हे यंत्र आहे तरी काय

जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या हान्स गोल्डश्मिट यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर हे यंत्र बनवलं. पहिलं मॉडेल, टेन-ई, १९४७ मध्ये आलं आणि माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानांमधून विकलं गेलं. मार्क फाइव्ह १९५३चं. पुढे मालक बदलले, उत्पादन थांबलं, आणि १९७२ मध्ये ओहायोतल्या डेटनच्या परिसरात ते पुन्हा सुरू झालं. एवढी वर्षं एकच घडण चालू राहिल्यामुळे जुन्या यंत्रांना सुटे भाग अजून मिळतात. जुनं यंत्र घेण्यात मला धीर आला तो यामुळे.

रचना साधी आहे. दोन जाड पोलादी नळ्या आडव्या. त्यांवरून सरकणारा हेडस्टॉक, म्हणजे मोटर आणि फिरणारा दांडा असलेली पेटी. त्याच्यासमोर, त्याच नळ्यांवर सरकणारं टेबल. दांड्यावर गोल करवत लावली की टेबल सॉ झाला. बारा इंची तबकडी लावली की सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र. लाकूड दोन टोकांत धरलं की लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र. ड्रिल लावलं की आडवं भोक पडतं, आणि अख्खं यंत्र एका टोकावर उभं केलं की ड्रिल प्रेस. जागा सहा फूट लांब आणि दीड फुटाच्या आसपास रुंद. गाडीशेजारी मावतं.

पाच यंत्रं आहेत खरी, पण एका वेळी एकच. इथेच नवखे वैतागतात. एक फळी कापली, मग भोक पाडायला यंत्र उभं केलं, मग आठवलं की दुसरी फळी कापायची राहिली. पुन्हा आडवं, पुन्हा करवत, पुन्हा गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून तपासणी. दुपार गेली आणि हातात काही नाही. एकाच शेगडीवर पाच जणांचा स्वयंपाक करायचा तर काय आधी आणि काय नंतर हे आपण मनात लावून घेतो ना, तसंच इथे. कामाची आखणी वस्तूनुसार करू नका, यंत्राच्या रूपानुसार करा. सगळ्या तुकड्यांचं कापणं एकदम, सगळी भोकं एकदम. खाली पोळपाट-लाटण्याचं काम याच क्रमानं लावलंय.

विकत घेताना

माझं २५० डॉलरना मिळालं, एका आजोबांच्या घरातलं सामान विक्रीला काढलं होतं तिथून. अशी यंत्रं बहुतेक वेळा तळघरात, रंगाच्या डब्यांखाली दबलेली असतात. धूळ आणि रंग यांकडे बघू नका. प्लग लावून चालू करून दाखवा म्हणा. विकणारा "चालतं हो, पण आत्ता जोडता येणार नाही" म्हणाला तर किंमत मोटर बंद आहे असं धरून ठरवा.

चालू झालं की हेडस्टॉकवरची वेगाची चकती हळूहळू सावकाशकडून जलदकडे फिरवा आणि परत आणा. आवाज सलग चढला-उतरला पाहिजे. खडखड किंवा मध्येच गचके येत असतील तर आतला पट्टा किंवा पुल्या झिजल्यात. ते दुरुस्त होतं, पण घासाघीस करायला तेवढं कारण पुरे. एक लक्षात ठेवा: मार्क फाइव्हची ही चकती यंत्र चालू असतानाच फिरवायची. बंद यंत्रावर जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते. त्याआधीच्या टेन-ई आणि टेन-ईआर मॉडेलांत मोटर बाहेर वेगळी दिसते आणि बहुतेकांत वेग पट्टा हलवून बदलावा लागतो.

मग यंत्र बंद करून प्लग काढा. दांडा हातानं हलवून बघा, वर-खाली खेळ असेल तर बेअरिंग गेलं. हेडस्टॉक आणि टेबल नळ्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा. वरवरचा गंज स्टील वूलनं निघतो, खड्डे पडलेले निघत नाहीत. शेवटी खोक्यात काय काय आहे ते मोजा: करवतीवरचं संरक्षक आवरण, फेन्स (करवतीला समांतर बसणारी आधारपट्टी), मायटर गेज (टेबलाच्या खाचेतून सरकणारा, आडव्या छेदासाठी लाकूड धरणारा भाग), लेथचा टूलरेस्ट (पटाशी टेकवायची पट्टी) आणि टेलस्टॉक (लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग), ड्रिलचा चक (बिट पकडणारा भाग), सँडिंगची तबकडी. आवरण नसेल तर ते वेगळं मिळवेपर्यंत करवत लावायची नाही. माझ्या खोक्यात आवरण होतं, टूलरेस्ट नव्हता. तो शोधण्यात दोन महिने गेले.

वायर दोन पिनांची असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगसह तीन पिनांची करून घ्या. आणि परत जाताना हे पुण्याला न्यायचं मनात असेल तर विचार सोडा. ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे १२० होतील, पण ५० हर्ट्झचे ६० होणार नाहीत. मोटर मूळ वेगाच्या पाच-षष्ठांश वेगानंच फिरेल आणि जास्त तापेल. शिवाय भाडं.

पहिला दिवस: लाकडाला हात लावू नका

नळ्या पुसून त्यांवर पेस्ट वॅक्सचा पातळ हात द्या. तेल लावलंत तर त्यात भुसा चिकटून खळ होते. टेबलाच्या वरच्या बाजूलाही मेणच.

मग तपासणी. करवत लावा. दांड्यावरचा छोटा स्क्रू मार्क फाइव्हमध्ये ५/३२ इंचाच्या अ‍ॅलन चावीनं घट्ट होतो. ती चावी दोरीनं यंत्राला बांधून ठेवा, नाहीतर रोज शोधाल. प्लग काढलेलाच असू द्या. करवतीच्या एका दातावर पेन्सिलीनं खूण करा. तो दात पुढे आणून टेबलावरच्या खाचेपासून त्याचं अंतर मोजा, मग तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. नसतील तर टेबलाखालचे बोल्ट सैल करून टेबल जरा फिरवा आणि परत मोजा. हे किचकट वाटतं, माझा पूर्ण शनिवार गेला. पण खाच आणि करवत समांतर नसतील तर लाकूड करवतीच्या मागच्या बाजूला दाबलं जातं आणि उसळून अंगावर येतं. त्यानंतर गुण्या लावून टेबल आणि करवत यांत काटकोन आहे का बघा. या यंत्रात करवत कलत नाही, टेबल कलतं. त्यामुळे टेबलाचा ९० अंशांचा स्टॉप नीट बसवणं महत्त्वाचं.

डोळ्यांवर चष्मा, कानांना बंद, नाकावर मास्क. ओढणी नाही, सैल बाही नाही, हातमोजे तर अजिबात नाहीत. बांगड्या काढा, मंगळसूत्र काढून ठेवा, केस बांधा. फिरत्या दांड्यात एक धागा अडकला तरी तो हाताला ओढून नेतो.

करवत: सगळं कापणं एका बैठकीत

लाकूड मेपल घ्या. कठीण असतं, छिद्रं बारीक असतात, कणिक अडकत नाही. आपल्याकडच्या सागाची इथे किंमत विचारू नका. इथल्या दुकानातली मापं नावापुरती असतात: "वन बाय सिक्स" म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि साडेपाच इंच रुंद. अशा दोन शेजारी चिकटवल्या की अकरा इंच रुंदी मिळते, त्यात दहा इंची पोळपाट बसतो. लाटणं आणि पायांसाठी दीड इंच चौरस मेपलचा तीन फुटी तुकडा.

कापायचे तुकडे असे: फळीचे अकरा इंची दोन, चौरस लाकडाचा चौदा इंची एक आणि दहा इंची एक. सगळे आडवे छेद आहेत, म्हणून मायटर गेज वापरायचं. फेन्स बाजूला काढून ठेवा. आडव्या छेदात कापलेला तुकडा फेन्स आणि करवत यांच्यामध्ये अडकला की तो गोळीसारखा मागे येतो. फळीच्या जाडीपेक्षा करवत पाव इंचाच्या आसपास वर राहील इतकं टेबल खाली घ्या. वेगाची चकती यंत्र चालू झाल्यावर करवतीच्या खुणेपर्यंत न्या. आवरण जागेवर. उभं राहायचं करवतीच्या रेषेत नाही, जरा बाजूला.

कापून झालं की आधी चकती सगळ्यात सावकाश वेगावर आणा, मग यंत्र बंद करा. या यंत्रात हाच नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात आधी विसरला जातो. पाचही कामांचा वेग एकाच चकतीवर ठरतो. मी पहिल्या आठवड्यात करवतीचं काम संपवून सरळ स्विच बंद केला, लेथ जोडला, ओबडधोबड ओंडका लावला आणि चालू केला. करवतीच्या वेगानं फिरणारा तो वाकडा ओंडका यंत्राला गॅरेजभर नाचवायला लागला. स्विच हाताशी होता म्हणून निभावलं. आता स्विचशेजारी पांढऱ्या टेपवर लाल अक्षरांत "सावकाश?" असं लिहिलंय.

फळ्यांच्या दोन कडा एकमेकींना लावून उजेडाकडे धरा. फट दिसली तर दुसऱ्या कडा लावून बघा. मग पाण्याला टिकणारा लाकडी गोंद लावून क्लॅम्पमध्ये आवळा. कडेनं गोंदाचे थेंब सलग फुटले म्हणजे पुरेसा लागला. रात्रभर राहू द्या.

लेथ: गोंद वाळतोय तोवर

करवत काढा, टेबल बाजूला, टूलरेस्ट आणि टेलस्टॉक जोडा. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यांनी बघितलीत त्यांना कातकामाची नजाकत सांगायला नको. आपल्याला एवढंच करायचंय की चौकोनाचा गोल व्हावा.

चौरस तुकड्याच्या दोन्ही टोकांवर कर्णरेषा मारा, छेदतील तिथे टोच्यानं खूण करा. एक टोक हेडस्टॉकच्या दातेरी सेंटरमध्ये, दुसरं टेलस्टॉकमध्ये. आता टेलस्टॉकचे स्क्रू घट्ट करा, आणि पुन्हा एकदा घट्ट करा. दोनदा म्हणते याला कारण आहे. १९५५च्या ख्रिसमसला ग्रीनमन नावाच्या गृहस्थांना पत्नीनं शॉपस्मिथ भेट दिलं. दोन वर्षांनी ते त्यावर लेथ लावून एक चषक कातत होते. लाकडाचा मोठा तुकडा अचानक उडून कपाळावर बसला. यंत्राचे भाग धरणारे स्क्रू पुरेसे नव्हते, त्यामुळे नेहमीच्या कंपनांनी टेलस्टॉक मागे सरकला, अशी तज्ज्ञांची साक्ष झाली. ज्युरीनं उत्पादकाविरुद्ध ६५,००० डॉलरचा निकाल दिला आणि १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या जबाबदारीचा कायदा शिकवताना अमेरिकेत हा खटला आजही शिकवतात. माझी वकील मैत्रीण गॅरेजमध्ये आली आणि यंत्र बघून ओरडली, "अगं, हे तेच!"

टूलरेस्ट लाकडापासून पाव इंचाच्या आत आणा आणि लाकूड हातानं पूर्ण एक फेरी फिरवा. कुठेही घासलं तर रेस्ट मागे घ्या. मग सावकाश वेग, आपण बाजूला उभं राहून चालू. कोपरे जाऊन गोल होईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

गोल पटाशी आधी रेस्टवर टेकवायची, मग लाकडाला भिडवायची. कधीच उलटं नाही. मूठ खाली ठेवून सुरुवात करा, पटाशीची पाठ लाकडावर नुसती घासू द्या, काही कापलं जाणार नाही. आता मूठ हळूहळू वर उचला. एका क्षणी आवाज बदलतो, टकटक जाऊन सुईसुई होतं, आणि ढलप्या निघायला लागतात. त्या कोनावर मनगट ठेवा आणि पाऊल न हलवता कमरेतून डावीकडून उजवीकडे झुला. टोकापासून मध्याकडे कधी कापू नका, पटाशी टोकात रुतते. मध्यापासून बाहेर, नेहमी.

लाटणं मध्ये सव्वा इंच जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळतं होत जाऊ द्या. घरच्या जुन्या लाटण्याला कॅलिपर लावून मापं घेतली तर हाताला ओळखीचं वाटतं. मी माझं आधी अंदाजानं केलं आणि ते बेकरीतल्या रोलरसारखं जाड झालं. पोळी फिरेना. आकार जमला की टूलरेस्ट काढून फिरत्या लाकडावर पॉलिशपेपर धरा: १२०, मग १८०, मग २२०. पेपर बोटांना गुंडाळायचा नाही, चिमटीत लाकडाच्या खालच्या बाजूनं धरायचा.

त्याच बैठकीत दहा इंची तुकडा एक इंच जाडीचा सरळ गोल करून घ्या. त्यातून सव्वा इंची तीन पाय निघतील. ते हातकरवतीनं कापा. गोल दांडा टेबल सॉवर गरकन फिरतो आणि बोटं आत ओढतो. त्या कामाला दोन मिनिटांची हातकरवतच बरी.

ड्रिल प्रेस

यंत्र उभं करण्याआधी हेडस्टॉक आणि टेबल दोन्ही आवळलेत ना हे हलवून बघा. सैल हेडस्टॉक उभ्या नळ्यांवरून धाडकन खाली येतो. उभं झालं की तळाशी कुलूप लावा आणि टेबल ९० अंशांत वळवा.

चिकटवलेल्या फळीवर, खालच्या बाजूनं, कंपासनं पाच इंच त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच केंद्रातून साडेतीन इंचांचं दुसरं. कंपास न बदलता लहान वर्तुळावर सहा खुणा करा आणि एक सोडून एक घ्या. या तीन जागा पायांच्या. पाय तीनच ठेवा, चार ठेवले तर एक तरी ओट्यावर डुगडुगतो.

एक इंची फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारं), कमी वेग, खोलीचा स्टॉप तीन अष्टमांश इंचांवर. फळी क्लॅम्पनं टेबलाला पकडा. तिन्ही भोकं झाली की केंद्रावर खिळा बसेल असं छोटं भोक पाडा, खोली पाव इंच. फळी आरपार जाऊ देऊ नका, पोळपाटाच्या तोंडावर भोक नको.

तबकडी

यंत्र पुन्हा आडवं. बाहेरचं वर्तुळ हातातल्या जिगसॉनं रेषेच्या थोडं बाहेरून कापून घ्या. बँड सॉचा जोड असेल तर तो वापरा, पण पहिल्या पोळपाटासाठी विकत घेऊ नका.

मग माझी आवडती युक्ती. प्लायवूडचा तुकडा टेबलावर क्लॅम्प करा. त्यात सँडिंगच्या तबकडीपासून बरोबर पाच इंचांवर एक खिळा ठोका, टोक वर येईल असा. पोळपाटाचं केंद्रातलं भोक त्या खिळ्यावर बसवा आणि पोळपाट सावकाश फिरवत राहा. जिथं फिरेल तिथं गोल होतं, हाताच्या कौशल्याचा संबंधच नाही. फक्त तबकडीच्या ज्या अर्ध्या भागात ती खाली जाते तिथेच टेका. दुसऱ्या अर्ध्या भागात ती लाकूड उचलून भिरकावते. आणि एका जागी थांबू नका, मेपल लगेच जळून काळं पडतं. माझ्या पोळपाटाच्या कडेला तसा डाग आहे. पाहुणे त्याला नक्षी समजतात.

पाय गोंद लावून बसवा. वरचं तोंड हातानं पॉलिशपेपर मारून गुळगुळीत करा, नेहमी लाकडाच्या रेषेबरोबर. मग ओल्या फडक्यानं पुसून वाळू द्या. लव उभी राहील. २२०चा हलका हात पुन्हा मारा.

रंग, वॉर्निश काही नको. औषधांच्या दुकानात मिळणारं खाण्यास चालणारं मिनरल ऑइल भरपूर लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून घ्या. पहिल्या आठवड्यात रोज, मग महिन्यातून एकदा. गोडंतेल किंवा शेंगदाण्याचं लावू नका, खवट वास येतो. धुतल्यावर उभा ठेवून वाळवा, आणि घरात डिशवॉशर भरणारा जो कोणी असेल त्याला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. आमच्याकडे ते सांगायचं राहिलं, म्हणून सध्या दुसरा पोळपाट क्लॅम्पमध्ये आहे.